पहिल्या सुईचा मान

...सरकू नका हो, सरकू नका! बसा निवांत, जागा लई हाय. खरूज न्हाय, गजकर्न न्हाय, नायटा तर बिलकुल न्हाय. ह्यो बघा हात, हाय का काई? चट्टा हाय? पुरळ हाय? कातडं साफ हाय, पर खाज! अगागागा... हितं, कोपराच्या आतल्या बाजूला, जिथं सुई घुसली व्हती बरोब्बर तिथं. करोना गेला, मास्क गेले, जिल्ह्याचं नाव बदललं, यष्टीवरली पाटी बदलली, पर ही खाज काई जाईना! आन् डॉक्टरला दावावं तर त्यो चष्मा नाकावर घेतो, हात उलटा करतो, सुलटा करतो, आन् म्हनतो काय? "किरकोळ आहे काका, काही नाही." किरकोळ! आरं बाबा, घे की मंग तुझ्या कोपराला दोन दिस, बघ वागवून!

धाराशिवला निघालोय. तिथं म्हनं कातड्याचा कुनी नवा डॉक्टर आलाय. म्हायती हाय मला, त्यो बी तेच म्हननार. तरी निघालोय. गाडीला येळ हाय, आन् ह्या येरमाळ्याच्या स्टँडवर गाडी येळेवर आली तर लोकं घाबरतेत, कुठं काई झालं का म्हनून. तवर तुमाला सांगतो. जरा मोठ्यांदा बोलतो, रागाला येऊ नका, रानातनं हाका मारून मारून गळाच तसा झालाय. आन् बाकड्यावर पार त्या टोकाला बसलेल्यांला बी आयकू गेलं पायजे का नको? न्हाय न्हाय, तिकडं वळून बघू नका, हिकडं बघा, माझ्याकडं.

तर म्या उत्तरेश्वर. आन् माझा चुलतभाव श्रीपती, माझ्याहून मोठा. म्या त्याला दादा म्हनायचो. म्हनायचो म्हंजी, बोलत व्हतो तवर म्हनायचो. दोघांची घरं लागून, मधी एकच भिंत. आन् मधी अबोला. कशापायी? इचारा की, कशापायी? रानापायी न्हाय, बांधापायी न्हाय. फेट्यापायी! माझी लेक अर्पिता, तिचं लगीन. मांडवात मानपान चाललेला, फेटे बांधायले. पहिला फेटा कुनाला? घरातल्या थोरल्याला. म्हंजी दादाला. आता फेटे बांधनारा मानूस बाहेरगावचा, त्याला काय म्हाईत थोरला कोन आन् धाकटा कोन, समोर सरपंच बसलेला पांढऱ्याफेक कपड्यात, त्यानं दिला फेटा गुंडाळून सरपंचाच्या टकुऱ्याला! आन् म्या कुठं? म्या आचाऱ्याजवळ, वांग्याच्या भाजीत मीठ कमी का जास्त, हे बघत उभा! येऊन बघतो तर दादाची जागा खाली. न जेवता गेला. सख्ख्यासारख्या पुतनीच्या लग्नातनं, थोरला मानूस, न जेवता!

दुसऱ्या दिशी फेटा घिऊन त्याच्या दारात गेलो. दादा माझ्याकडं बघंना. भिंतीकडं त्वांड केलं आन् म्हनला, "भिंते, सांग त्या मानसाला, शिळा फेटा आमी बांधत न्हाय."

झालं. लागला अबोला. आता शहरातल्या लोकांला वाटतं अबोला म्हंजी बोलनं बंद. तसं न्हाय! आमच्याकडं अबोल्यात बोलनं चालूच ऱ्हातं, फकत मधी काईतरी लागतं. भिंत लागती, म्हैस लागती, दारातली बादली लागती. सकाळी दादा वराडनार, "भिंते, सांग पलीकडं, त्यांच्या शेळीनं माझ्या शेवग्याचा पाला खाल्ला." म्या हिकडनं, "भिंते, सांग त्यांला, फांदी आमच्यात आली ती शेळीच्या तोंडात गेली." मंग त्यो, "भिंते, सांग, फांदी काय पायानं चालत आली का?" असं चहा थंड हुईस्तवर. ल्हान लेकराला भिंत दावून ही कोन म्हनून इचारलं तर त्ये आजी सांगंल, इतकी ती भिंत घरातली झाली व्हती. पर जवळ जाऊन, त्वांडाकडं बघून, "दादा" म्हनायचं? न्हाय. तेवढंच न्हाय. तेवढंच काय ते किरकोळ ऱ्हायलं व्हतं.

आन् मंग आला करोना, दुसऱ्या टायमाचा, त्यो खराब. तुमाला सांगतो, मला अजूनबी कोडं हाय, आमी दोघं एकमेकाच्या वाऱ्याला उभं ऱ्हात न्हवतो, मंग ह्यो दोघांला एकाच आठवड्यात कसा धरला? भिंतीतनं गेला का काय? मला बी ताप, त्याला बी ताप. मला बी शुगर, त्याला बी शुगर. सरकारी दवाखान्यात पाय ठिवायला जागा न्हाय, मंग एका खाजगी दवाखान्यात नेलं, आन् तिथं गेल्यावर खोली कोन्ती द्यावी? एकच! दोन पलंग. भिताडाकडंचा दादाला, दाराकडंचा मला. घरचं मानूस आत येऊ देईनात. मधी भिंत न्हाय, म्हैस न्हाय, बादली न्हाय. म्या मनातल्या मनात आमच्या देवीला म्हनलं, येडाई, आता गं कुनाला मधी घालायचं?

तर मधी व्हता सलाइनचा स्टँड. लोखंडाचा, खाली चाकं.

पहिल्या दिशी संध्याकाळी दादाच्यानं ऱ्हावंना. डोळे छताला लावले आन् म्हनला, "स्टँडा, सांग त्या मानसाला, रातीला लई घोरू नको म्हनावं." म्या म्हनलं, "स्टँडा, सांग त्यांला, खोकला आपला, घोरनं आपलं, ज्याचं त्यानं बघावं." आन् दोघंबी खोकलो. खरं सांगू? बरं वाटलं मला. परक्या ठिकानी घरचं मानूस भेटल्यासारखं वाटलं.

मंग आमचा डॉक्टर आला. डॉक्टर अमरसिंह, तरनं पोर, कीट घालून घामानं चिंब झालेलं. म्हनला, "काका, एक औषध आहे. अँटिबॉडीचं. तुमच्या शरीराला विषाणूशी भांडणारं जे तयार करायला वेळ लागतो, ते आपण तयारच बाहेरून सोडायचं. तुमच्यासारख्या शुगरवाल्यांना लवकर दिलं तर आजार वाढायचा राहू शकतो. पण आत्ताच घ्यायला पाहिजे." मला पटलं. भांडनारी बाहेरनं आनायची, आमच्या गावात इलेक्शनला आनतेतच की! पर औषध मिळनार कुठं? तर माझा जावई, अर्पिताचा नवरा, सोलापूरला असतो, त्यानं कुठनं कुठनं वशिला लावून एक खोकं मिळवलं. आन् डॉक्टर म्हनतो, "काका, एक अडचण आहे. ह्या एका खोक्यात दोन माणसांचं औषध असतं. एकदा उघडलं की लगेच वापरावं लागतं. दुसरा पेशंट..." आन् बोलता बोलता बघतोय कुनाकडं? भिताडाकडंच्या पलंगाकडं!

दादा ताडकन म्हनला, "स्टँडा, सांग डॉक्टरला, ज्या लग्नात आमचा मान गेला, त्या लग्नाच्या जावयाचं औषध आमाला नगं!"

डॉक्टर बिचारा स्टँडकडं बघतोय, माझ्याकडं बघतोय. त्याला वाटलं, ताप मेंदूत गेला.

मंग डॉक्टरनं फोन केला मथुरावैनीला. मथुरावैनी म्हंजी दादाची बायको. फोन मोठ्या आवाजावर लावला. आन् वैनी रडत म्हनली, "घ्या व्हो. कुनाचं का असंना, घ्या. फेटा गेला चुलीत. तुमी माघारी या, म्या हातानं बांधते तुमाला फेटा." असं म्हनली. म्या आयकलंय माझ्या कानानं. तिनं त्याच्या जीवासाठीच म्हनलं, दुसरं काय? त्यात तिची काईबी चूक न्हाय. न्हाय म्हंजी न्हाय! हे मोठ्यांदा सांगतो, कारन तिला कुनी हे सांगितलंच नसंल.

दादा तयार झाला. खोकं उघडलं. पान्यावानी औषध, निव्वळ पानी, दोन बाटल्यांत घातलं, दोन स्टँडला टांगलं. सिस्टर व्हती संघप्रिया. त्वांड कधी दिसलं न्हाय तिचं, किटावर छातीला पेनानं नाव लिव्हलेलं, आन् वर निस्ते दोन डोळे. दाराकडनं आली म्हंजी पहिला पलंग माझा. सुई घिऊन माझा हात धरला.

आन् तुमाला सांगतो... तिथं माझ्या डोक्यात आलं. म्हनलं, उत्तरेश्वरा, फेटा चुकला, सुई चुकवू नको! म्या हात मागं घेतला. म्हनलं, "सिस्टर, आधी त्या पलंगावरल्या मानसाला टोचा. त्यो घरातला थोरला हाय. पहिला मान त्यांचा." सिस्टर म्हनली, "काका, इंजेक्शनला कसला मान?" म्या म्हनलं, "तुमाला न्हाय कळायचा. तुमी टोचा."

टोचली. आन् दादानं मान वळवली. इतक्या वर्सांत पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं, आन् ओठ दाबून म्हनला, "स्टँडा, सांग त्याला, फेट्याला उशीर झाला, पर पावला." मंग मला टोचली. किती येळानं? सिस्टर त्या पलंगावरनं ह्या पलंगापाशी आली, हातमोजा बदलला, बस्स, तेवढ्या येळानं! गडी चुना मळून तंबाखू तोंडात टाकंल, तेवढा बी न्हाय! आन् म्या लई खूश. सिस्टरला म्हनलं, मथुरावैनीला फोन करून सांगा, पहिल्या सुईचा मान दादाला दिला म्हनून. तिनं बिचारीनं सांगितलं बी. माझ्याच तोंडानं म्या...

असू द्या.

डॉक्टर म्हनला, "आता तासभर लक्ष ठेवायचं. थंडी वाजेल, खाज सुटेल, मळमळेल, डोकं दुखेल. बहुतेकांना किरकोळच होतं. पण काहीही वाटलं तरी सिस्टरला हाक मारायची. किरकोळ असलं तरी मारायची. समजलं?" समजलं! दोघांनी बी मान डोलावली. सिस्टर शेजारच्या खोलीत गेली, तिथं बी मानसं वाट बघत व्हती की.

आन् सुटली हो खाज. आधी कोपरात. मंग गळ्यावर. मंग पाठीवर, जिथं ना हा हात पोचतो ना तो हात पोचतो, नेमकं तिथं! हाक मारायची का न्हाय? मारायची. म्या मारली? न्हाय! कारन म्या बाजूला बघितलं, तर दादा कसा पडलेला, रामलिंगाच्या दारातल्या नंदीवानी, ढिम्म! म्हनलं, थोरला मानूस सोसायलाय आन् आपुन आधी बोंबलायचं? मंग जिंदगीभर भिंतीतनं आयकायचं, "भिंते, सांग त्या मानसाला, एका सुईला रडला म्हनावं!" बसलो दात आवळून. मंग वाजली थंडी. मे महिना, पंखा बंद, आन् पलंग खडखड खडखड, कडबाकुट्टीची मशीन चालू केल्यासारखा! दादा म्हनला, "स्टँडा, सांग त्याला, थंडी वाजायली तर पांघरून घे म्हनावं." म्या म्हनलं, "थंडी न्हाय म्हनावं, पलंगच हालका हाय." आन् हळूच पांघरुनात हात घालून कोपर खाजवाया लागलो. त्यानं बघितलं. म्हनला, "स्टँडा, सांग त्याला, खाजवू नको, रगत निघंल."

आन् त्याला स्वतःला? मानेपासनं पोटापर्यंत गांधी उठल्या व्हत्या! सगळं अंग फुललेलं, चादर छातीवर ओढून पडलेला. का सांगितलं न्हाय? त्यानंच सांगितलं मला नंतर. "तू गप पडलेला बघितला रं, म्हनलं धाकटा सोसायलाय, आपुन आधी कसं बोंबलायचं." आता बोला! सांगा मला, दुनियेत आजून कोन्ती जात हाय जी खाजंत बी इज्जत बघती?

मंग दादानं चादर आजून वर ओढली. थोड्या येळानं, "स्टँडा..." आवाज घोगरा. म्या वाट बघतोय, आता काय टोमना मारतोय. परत, "स्टँडा..." आन् फुडं काईच न्हाय. म्या वळून बघितलं. ओठ सुजलेले, डोळे बारीक झालेले, हात गळ्याला लावलेला, आन् श्वास असा, सायकलच्या चाकातली हवा सोडल्यावानी. आन् त्यानं स्टँड सोडला. सरळ माझ्याकडं बघितलं आन् म्हनला, "उत्त्या. घसा आवळला रं."

उत्त्या! ल्हानपनी म्हनायचा तसं.

म्या "दादा!" म्हनून जो उठलो, सुई हातात, स्टँड ओढत, चाकं वाजवत, दारात जाऊन असा बोंबललो, "सिस्टर! माझ्या भावाचा जीव चाललाय! सिस्टर!" खालच्या मजल्यावरची मानसं म्हनं जिन्यात आली. सिस्टर पळत आली, डॉक्टर पळत आला, "बाटली बंद करा, आधी बाटली बंद करा!" मांडीत इंजेक्शन, नाकाला ऑक्सिजन, पाय वर, हितं आजून एक इंजेक्शन, तिथं आजून एक... आन् म्या दाराला टेकून उभा, थंडीनं दात वाजायलेत, कोपरातनं रगत गळायलंय, आन् येडाईला म्हनतोय, आई, काईबी घे, पर त्याला भिंतीकडं त्वांड करून बोलू दे.

वाचला. हां, वाचला त्या टायमाला! सूज उतरली, श्वास लागला नीट. डॉक्टरनं कपाळाचा घाम किटावरनंच पुसला आन् म्हनला, "काका, लाखात एखाद्याला होतं असं." म्या म्हनलं, डॉक्टर, लाखात एक आमच्या घरातच का?

दादाची बाटली उतरवली. अर्ध्याच्या वर औषध तसंच. म्या म्हनलं, "थोड्या येळानं हळूहळू सोडा की परत." डॉक्टर म्हनला, "नाही काका. ह्यांना हे औषध आता कधीच नाही." आन् माझी खाज? ती खरंच किरकोळ निघाली! माझी बाटली हळू केली, एक इंजेक्शन दिलं, थंडी गेली, पाठीवरली खाज गेली, आन् औषध शेवटच्या थेंबापर्यंत उतरलं अंगात. एकाच खोक्यातलं, एकाच सिस्टरच्या हातचं, एकाच रगताच्या दोन मानसांत. त्याचं वर लटकत ऱ्हायलं, माझं उतरलं. आता ह्याला काय म्हनायचं, सांगा तुमीच!

पर तुमाला सांगतो, त्यानंतरचे दोन-चार दिवस... असे दिवस म्या जिंदगीत बघितले न्हाईत. आमी बोललो. स्टँड मधीच व्हता, पर त्याला कुनी इचारलं न्हाय. सकाळपासनं बोलायचो, धाप लागली की थांबायचो, परत बोलायचो. येडाईच्या जत्रंत, चुन्याच्या रानात देवीच्या नावानं चुनखडी येचताना दादा माझी झोळी चोरून भरून द्यायचा, आई म्हनायची उत्त्यानं लई येचली, ते निघालं. त्याची म्हैस आटली ते निघालं. आन् मंग निघालं लगीन. दादा म्हनला, "उत्त्या, त्या दिशी मला लई भूक लागली व्हती रं. मांडवातनं निघालो खरा, पर घरी न्हाय गेलो. तिथंच, चिंचंच्या मागं बसून ऱ्हायलो. वांग्याचा वास येत व्हता. म्हनलं आता कुनीतरी बोलवाया यील. मंग यील. मंग पंगती उठल्या."

चिंचंच्या मागं! शंभर पावलांवर! आन् म्या मिठाचं बघत उभा.

आजून एक सांगितलं दादानं. म्हनला, "मथुरीला सांग, तिनं औषध घ्या म्हनली म्हनून काई झालं न्हाय. माझं अंगच हट्टी." असंच म्हनला. हसून म्हनला. हे बी मोठ्यांदा सांगतो.

मंग त्याचा ऑक्सिजन उतराया लागला. रिॲक्शनचं कवाच गेलं व्हतं, ह्यो मूळ आजार. माझा ताप गेलेला, त्याचा चढत चाललेला. सोलापूरला न्या म्हनले. स्ट्रेचरवर घातला, तोंडाला मास्क, बोलता येईना. दारातनं बाहेर नेताना माझ्या पलंगापाशी स्ट्रेचर अडकलं, तर त्यानं हात वर केला आन् डोक्याभवती असा फिरवला. एकदा. दोनदा. फेटा बांधल्यावानी. म्या म्हनलं, "बांधतो दादा, ये माघारी, शिळा न्हाय, नवा कोरा बांधतो."

न्हाय आला. तिकडंच गेला. तिकडंच किटातल्या परक्या मानसांनी अग्नी दिला. त्याच्या पोराला लांबनं बघू दिलं, मला तेवढं बी न्हाय. फेटा बांधायला डोकंच मिळालं न्हाय मला. लई आठवन येती हो... बघा, उगं डोळ्याला पानी. खाजंमुळं येतं कधीकधी.

आमच्या डॉक्टरला म्या इचारलं, खरं सांग, औषधानं गेला का? त्यो म्हनला, "नाही काका. रिॲक्शन त्याच दिवशी आटोक्यात आली होती. ते आजारानं गेले. औषध पूर्ण गेलं असतं तर वाचले असते का, तेही मला सांगता येणार नाही." शिकलेला मानूस सांगता येत न्हाय म्हनतो. आन् गाव? गावाला सगळं सांगता येतं!

म्या घरी आलो तर गावात बोलनं चालू. "उत्तरेश्वर लई हुशार. आधी भावावर करून बघितलं, मंग स्वतः घेतलं." "त्यानंच म्हनलं म्हनं, आधी त्याला टोचा." "अबोला व्हताच की." म्हनलंच व्हतं म्या! फोन करून कळवलं व्हतं म्या! मान दिला व्हता हो, मान! आता एका भल्या मानसानं मला सांगावं, ज्याला मारायचं त्याला कुनी मान देतं का... न्हाय न्हाय, हसू नका, बकऱ्याला देतेत, म्हाईत हाय मला. तेच म्हनलं लोकांनी. हळदकुंकू लावलं म्हनले.

बोलू द्या लोकांला. लोकं किरकोळ हाईत. पर मथुरावैनी... तिनं बी तेच धरलं मनात. आता तिचं बी काय चुकलं? आमी बोललो ते बघितलं कुनी? आत मानूस सोडत न्हवते. एक स्टँड आन् एक सिस्टर. स्टँडला गवाह म्हनून न्यावं तर त्यो बोलत न्हाय. मंग म्या सिस्टरला हुडकाया गेलो. त्वांड म्हाईत न्हाय, निस्ते डोळे! दवाखान्यात जायचं आन् येनाऱ्याजानाऱ्या सिस्टरच्या डोळ्यांत निरखून बघायचं, हीच का ती, हीच का ती... एकीनं वाचमन बोलावला! "म्हातारा पोरींच्या डोळ्यांत बघत फिरतोय!" ह्या वयात तेवढंच ऱ्हायलं व्हतं. वाचमननं दंडाला धरून बाहेर काढलं, ह्याच दंडाला, खाजतोय त्याच. मंग कळलं, संघप्रिया सिस्टर नोकरी सोडून नागपूरकडं गेली. नागपूर केवढं! तिथं किती डोळे!

तवापासनं भिंतीपलीकडनं आवाज न्हाय. म्या म्हनतो, "भिंते, सांग वैनीला, गव्हाला पानी सोडलंय." भिंत गप. "म्हशे, सांग, दादाच्या शेवग्याला शेंगा लागल्या." म्हैस गप. दादानं अबोला धरला तर निदान भिंतीला तरी बोलायचा, हिनं तर भिंतीला बी सोडलं! आन् रोज सकाळी, दादा वराडायचा त्या येळंला, कोपरात सुरू. डॉक्टर म्हनतो औषध कवाच अंगातनं गेलं. मंग काय ऱ्हायलं आत, सांगा की!

...व्हय. बरोबर वळखलं तुमी. आता बघा वळून, काई हरकत न्हाय. त्या टोकाला, डोक्यावर पदर घिऊन, मांडीवर पिशवी धरून बसली ती. तीच मथुरावैनी. येडशीला लेकीकडं निघाली. तुमाला वाटलं म्या तुमाला सांगायलो? माफ करा मंडळी, तुमी माझी भिंत. चांगली भिंत मिळाली, हूं हूं तरी म्हनती. दुसरं काय करू? समोर जाऊन बोललो तर ती उठून जाईल, म्हनून ह्या स्टँडवर, तुमच्यावर घालून...

श्श. गप. गप बसा. हालली. पिशवीकडं बघायली...

काय म्हनली? तुमी आयकलं? आयकलं ना सगळ्यांनी?

"पिशवे, सांग त्या मानसाला, मेलेल्याच्या तोंडात काईबी घालता येतंय."

...

उठली. धाराशिव गाडी लागली बघा. चढली. फुडंच बसली, खिडकीला, त्वांड पलीकडं.

बरं. खरंच हाय तिचं. येतंय की घालता.

पर बोलली! आवो, इतक्या वर्सांनी बोलली! पिशवीला बोलली, पर बोलली तर खरं! "त्या मानसाला सांग" म्हनली, म्हंजी ह्यो मानूस हाय एवढं तरी तिला दिसतंय... चला, उठा, घ्या पिशव्या. म्या मागं बसतो, अगदी शेवटच्या सीटवर, तिला तरास नको. आन् काय पाव्हनं? हात? खाजायलाय की. लई खाजायलाय. रगत बी निघालंय, ह्यो बघा.

किरकोळ हाय.